थोरले दिवस, धाकटे दिवस

मदिहानं काट्यावर आधी उजवा पाय ठेवला, मग डावा, आणि श्वास रोखून खाली पाहिलं. एकोणऐंशी किलो चारशे ग्रॅम. ती उतरली, काटा भिंतीपासून जरा पुढं ओढला, पुन्हा चढली. आकडा तोच. सलग पाचवा आठवडा हा काटा जागचा हलत नव्हता.

तिला पंचाहत्तरच्या आत यायचं होतं, आणि हातात उरले होते दोन महिने. ही काही हौस नव्हती. नवऱ्याला, अफताबला, ती आपली एक किडनी देणार होती.

शिराळ्यात अफताबचं वेल्डिंगचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर. दोन वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, दुकानाचं शटर खाली आलं आणि आठवड्यातून तीनदा सांगलीला डायलिसिसची वारी सुरू झाली. त्याची आई रहिमतबी हिला मधुमेह, त्यामुळे ती बाद. भावाचं जुळलं नाही. जुळलं ते मदिहाचं. सगळे रिपोर्ट चांगले, फक्त वजन शहाऐंशी. सर्जन म्हणाले होते, "एवढ्या वजनावर एक किडनी काढली तर उरलेलीवर ताण येतो. ऑपरेशनलाही धोका. पंचाहत्तरच्या आत या, मग तारीख देतो."

मदिहा घरी ब्लाउज शिवायची. बसून काम. तरी तिनं मनावर घेतलं. साखर सोडली, तळण सोडलं, भात सोडला. चार महिन्यांत साडेसहा किलो उतरले. रहिमतबी शेजारपाजारी सांगत सुटली, "माझी सून लय जिद्दीची हाय." आणि मग काटा अडला.

मदिहानं दोन भाकऱ्यांची एक केली, एकीची अर्धी केली. शेवटी शेवटी तर दिवसभर ताक आणि काकडीवर काढू लागली. हात गार पडायचे, कंगव्यात केसांचा पुंजका यायचा. आधी ती संध्याकाळी अंबामातेच्या देवळाच्या रस्त्यानं चालायला जायची, ते बंद झालं. काम आटोपलं की भिंतीला टेकून पडून राहायची. काटा मात्र तिथंच.

एक गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. सर्जननं कागदावर पेनानं रेघ ओढून कुठून कापणार ते दाखवलं, त्या दिवसापासून तिला भीती वाटत होती. आणि आता रोज काट्यावर चढताना मनात यायचं, माझं अंगच नको म्हणतंय का?

मंगळवारी डायलिसिसच्या वॉर्डात अफताबचा डबा घ्यायला ती उठली आणि तिथंच कोसळली. नर्सनी उचलून बाकावर निजवलं. रक्त, लघवी, सगळं तपासलं. दुपारी सर्जन आले, रिपोर्ट पाहिले, आणि अफताबच्या पलंगाशेजारीच उभे राहून म्हणाले, "अशी उपाशी बाई मी टेबलावर घेणार नाही. हे असंच चाललं तर दाता म्हणून तुमचं नाव मला काढावं लागेल. आणि यांचं हृदय थकत चाललंय, दोन महिन्यांपुढं थांबणं बरं नाही."

 अफताबनं तोंड भिंतीकडं वळवलं.

सर्जननं तिला आहारतज्ज्ञ पूजाकडं पाठवलं. पूजा लोणंदची, तिशीच्या आतली, बोलायला मोकळी. तिनं मदिहाला आठवडाभराचं खाणं विचारलं आणि ऐकता ऐकता लिहायचं थांबवलं.

"मदिहाताई, तुम्ही इतकं कमी खाताय की शरीर तेवढ्यातच भागवायला शिकलंय. चालणं थांबलं, निजणं वाढलं, म्हणजे खर्चही कमी झाला. त्यात अंगात पाणी धरलं असेल, ते काट्यावर दिसतं. आता खाणं वाढवू."

मदिहाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "वाढवायचं? वजन उतरवायला?"

"रोज नाही. आठवड्याला दहा हजार कॅलरी, ही बेरीज ठरलेली. पण रोजचा आकडा वेगळा. चार दिवस बाराशे, एक दिवस सोळाशे, दोन दिवस अठराशे. अठराशेच्या दिवशी दोन भाकऱ्या, डाळ, अंडी, दही, सगळं पोटभर. आणि रोज चालायचं."

"यानं उतरंल?"

पूजानं पेन खाली ठेवलं. "लिहून देत नाही. सगळे डॉक्टरही यावर एका मताचे नाहीत. पण तुम्ही धड उभ्या राहाल आणि हे पाळता येईल, एवढं मला माहीत आहे. काटा आठवड्यातून एकदाच बघायचा."

घरी येताना एसटीत मदिहानं त्या दिवसांना नावं ठेवून टाकली. अठराशेचे थोरले, बाराशेचे धाकटे, आणि सोळाशेचा मधला.

पहिला थोरला दिवस शुक्रवारी आला. नमाजानंतर ती ताट घेऊन बसली. दोन भाकऱ्या, मसुराची आमटी, दोन उकडलेली अंडी, वाटीभर दही. पहिला घास तोंडात फिरता फिरेना. दुसऱ्याला जीभ ओली झाली. दुसरी भाकरी मोडली तेवढ्यात रहिमतबी आत आली आणि दारातच थांबली.

"हे काय गं?"

"अम्मा, त्या पूजाताईनं सांगितलंय. दोन दिस असं खायचं..."

"सांगितलंय!" म्हातारीचा आवाज चढला. "माझा ल्योक तिकडं मशिनीवर सुकतोय, घोटभर पाण्याला म्हाग झालाय, आन तू हिकडं भाकऱ्या मोडतीस? द्यायची नसंल तर तोंडानं सांग की. असं खाऊन कशाला सांगतीस?"

मदिहाचा हात ताटातच राहिला. पलीकडच्या खोलीत अफताबची खाट करकरली, म्हणजे तो जागा होता, ऐकत होता. तो आईला गप्प बसवेल म्हणून ती वाट पाहत राहिली. तो बोलला नाही. तिनं उरलेली भाकरी डोळ्यांतलं पाणी पुसत पुसत, एकेक घास करून संपवली. तिला ती गोड लागली नाही, पण टाकली नाही.

आठवड्यानं काटा पाहिला. ऐंशी किलो शंभर. सातशे ग्रॅम वाढले होते.

ती मोरीत गेली, दार लावलं आणि पूजाला फोन केला. "वाढलं ओ ताई. मी बुडवलं सगळं. आजपासनं परत ताकावर राहते."

"अजिबात नाही. सातशे ग्रॅम चरबी अशी चढत नाही, ते पाणी आहे. अजून दोन आठवडे माझं ऐका. मग तुम्ही म्हणाल तसं."

"दोन आठवडं म्हंजी माझा चौथाई वेळ गेला."

"हो. माहीत आहे मला."

मदिहानं फोन ठेवला. बाहेर रहिमतबी विचारत होती, "किती आलं?" तिनं आतूनच सांगितलं, "ऐंशी." त्या दिवसापासून म्हातारीनं तिच्याशी बोलणं टाकलं. थोरल्या दिवशी ती चुलीपाशी फिरकायचीही नाही. मदिहा आपलं ताट आपणच करायची, खायची, आणि ऊन उतरलं की चालायला निघायची. पायांत हळूहळू बळ येत होतं. पुढच्या आठवड्यात काटा एकोणऐंशीवर आला. तिनं कुणाला सांगितलं नाही. एका आकड्यावर विश्वास कसा ठेवायचा?

एप्रिलचा सोमवार होता. ऊन रणरणत होतं. रविवार, सोमवार मशिनीला सुट्टी, आणि पाणी मोजूनच प्यायचं असताना तहान आवरत नाही म्हणून अफताबनं आईकडून लिंबू सरबत मागून घेतलं होतं, एकदा नाही, तीनदा. दुपारी तीनच्या सुमाराला तो धापा टाकू लागला. उठून बसला तरी श्वास पुरेना. छातीतून घुरघुर येऊ लागली.

"अम्मा, खाली शेजारच्या आकारामभाऊला हाक मारा. जीप काढा म्हणावं!"

जिना अरुंद, सतरा पायऱ्यांचा, उभा. दोघं शेजारी शेजारी मावायचे नाहीत. मदिहा पुढं झाली, पाठमोरी वाकली, अफताबचे दोन्ही हात आपल्या खांद्यांवरून पुढं घेतले आणि त्याला पाठीवर घेऊन एकेक पायरी उतरू लागली. मागून रहिमतबी त्याचे पाय धरून होती. "पाड नगंस, पोरी, पाड नगंस." महिन्यापूर्वी ती डबा उचलताना पडली होती. आज साठ किलोंचा माणूस पाठीवर होता. ती सतराही पायऱ्या न थांबता उतरली.

सांगलीला पोचेपर्यंत अफताबचे ओठ निळे पडले होते. ऑक्सिजन लावला, लगेच मशिनीवर घेतलं. चार तासांत साडेतीन लिटर पाणी काढलं. श्वास जाग्यावर आला तसा त्यानं डोळे उघडले.

"मदिहा."

"बोलू नगा."

"बोलू दे. त्या दिशी अम्मा बोलली तवा मी गप बसलो. मलाबी तसंच वाटलं हुतं." त्यानं मान तिच्याकडं वळवली. "तुला द्यायची नसंल तर सांग. मी राग धरणार न्हाई. खरंच."

मशीन एकसुरी आवाज करत होतं. मदिहानं त्याच्या पायांवरची चादर नीट केली.

"आवं, मला भ्या वाटतंय. लय वाटतंय. कागदावर रेघ ओढली तवापासनं वाटतंय. मला वाटायचं, माज्या भ्यामुळंच काटा अडलाय. पण भ्या वाटणं येगळं आन द्यायची नसणं येगळं. तुमी दोघांनी ते एक केलंसा."

अफताबच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी ओघळलं. पुसायला हात मोकळा नव्हता. तिनं पुसलं.

घरी आल्यावर रहिमतबीनं माफी मागितली नाही. तो तिचा स्वभाव नव्हता. पण शुक्रवारी सकाळी परातीत पीठ घेऊन बसली आणि मान वर न करता म्हणाली, "आज थोरला दिस न्हवं? अंडी दोन उकडू का तीन?"

"दोन, अम्मा."

पुढचे आठवडे सरळ गेले असं नाही. एका आठवड्यात काटा हललाच नाही. एकदा मेढ्याला माहेरी आजीच्या नावानं दुवा मागायच्या फातिहाला जावं लागलं, समोर बिर्याणीचं ताट आलं, आणि तो होता धाकटा दिवस. आई रुसली. मदिहानं दोन घास खाऊन ताट सरकवलं आणि मागच्या डोंगराच्या वाटेनं तासभर चालून आली. अठ्ठ्याहत्तर. सत्त्याहत्तर दोनशे. शहात्तर चारशे.

शेवटच्या दिवशी सर्जनच्या खोलीतल्या काट्यावर ती चपला काढून चढली. पंचाहत्तर किलो सहाशे.

 अफताब खुर्चीत बसून जमिनीकडं बघत होता. सहाशे ग्रॅम, मूठभर डाळीएवढे. मदिहा काट्यावरून उतरलीच नाही. "डॉक्टर, दोन दिवस द्या. मी काही खात नाही दोन दिवस."

"तेच करू नका," सर्जन म्हणाले. त्यांनी पूजानं काढलेला आलेख समोर ओढला, नवे रिपोर्ट पाहिले, पुन्हा आलेख पाहिला. मग अफताबला आणि रहिमतबीला बाहेर बसायला सांगितलं. दार लागल्यावर विचारलं, "तुमच्यावर घरच्यांचा दबाव आहे का? आत्ता नाही म्हणालात तर मी वैद्यकीय कारण सांगेन. कुणाला कळणार नाही."

सहाशे ग्रॅमचं कारण आयतं समोर होतं. मदिहाला ते दिसलं. क्षणभर तिनं त्याच्याकडं पाहिलंही.

"दबाव न्हाई," ती म्हणाली. "भीती हाय. पण द्यायची हाय."

सर्जननं मान डोलावली आणि कॅलेंडर उघडलं. "रक्त सुधारलंय, अंगात ताकद आहे, आणि वजन उतरतंय. अठरा दिवसांनंतरची तारीख देतो, अफताबचं हृदय तेवढे दिवस धरेल. जे चाललंय तेच चालू ठेवा."

ऑपरेशनच्या सकाळी वजन भरलं चौऱ्याहत्तर किलो आठशे. नर्सनं कागदावर लिहिलं, मदिहाला वाचून दाखवलं, आणि स्ट्रेचर आत ढकललं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी दहापासून उलटे आकडे मोजायला सांगितले. सातापर्यंतचं तिला आठवतं.

शुद्ध आली तेव्हा कुशीत आग लागल्यासारखं दुखत होतं. रहिमतबी जवळ वाकली होती, तिच्या तोंडाला तंबाखूचा वास येत होता. "लागली," ती पुन्हा पुन्हा सांगत होती, "पोरी, किडनी लागली. टेबलावरच लघवी सुरू झाली म्हणत्यात."

तिसऱ्या दिवशी मदिहा भिंतीला धरत, कमरेत वाकून, अफताबच्या काचेच्या खोलीपर्यंत गेली. तो झोपला होता. पायांची सूज उतरली होती, घोट्याची हाडं दिसत होती, ती तिनं दोन वर्षांत पाहिली नव्हती. काचेवर टकटक करावं असं वाटलं, पण केलं नाही. नर्सनं दोनदा बसायला सांगितलं तरी ती तशीच उभी राहिली.