तिसऱ्या दिवसाचा नियम

अम्मियाला निरोप्यांचा तिटकारा होता, आणि तो उगाच नव्हता. लाओदिकियाच्या ख्रिस्ती मंडळीत पाहुणा उतरवण्याइतकं मोठं घर तिचंच. देवाच्या नावाने वणवण करणारा जो तो तिच्याच ओसरीवर येऊन पाय पसरायचा. कोणाला अंत्युखियात दर्शन झालेलं, कोणाला एफेसात. भूक मात्र सगळ्यांना इथेच लागायची.

तिचा नवरा दियोगास सम्राटाच्या मूर्तीपुढे चिमूटभर धूप टाकायला नाही म्हणाला आणि शिक्षा म्हणून संगमरवराच्या खाणीत गेला. तीन वर्षं त्याची काही खबर नव्हती. हे कानावर आलेला एक भामटा डोळे मिटून म्हणाला होता, "ताई, मला दिसतोय तो. सुखरूप आहे." अकरा दिवस त्याला तो दिसत राहिला. अम्मियाची बदकं खाऊन संपली तसं दिसायचं थांबलं, आणि हा दियोगासचाच झगा अंगावर घालून पसार झाला.

तेव्हा अम्मियाने मंडळीचा जुना नियम बाहेर काढला. निरोप्याने दोन दिवस राहावं. तिसऱ्या दिवशी राहिला तर तो खोटा. नियम सगळ्यांना ठाऊक होता, पण भिडेपोटी कोणी पाळत नसे. अम्मियाने पाळला, आणि नदीपलीकडे हिएरापोलिसच्या बायकांनाही बजावून आली, "लाज धरू नका. फुकट्यांना नसते, तर आपल्याला कशाला?"

गुरुवारी सकाळी झोसिमस आला. एक पाय ओढत, खोकत, हाताची नखं फुटलेली, गळ्यात पत्राची चामडी नळी.

"सिन्नादाच्या मंडळीने खोऱ्यातल्या सगळ्या मंडळ्यांना लिहिलंय," तो म्हणाला. "रविवारी सगळ्यांसमोर मोहोर फोडायची, असा शब्द दिलाय मी."

"म्हणजे रविवारपर्यंत जेवणाची सोय झाली. लंगडणं छान जमतं हो तुम्हाला. मागे एक आंधळा आला होता, माझं बदक तेवढं त्याला बरोबर दिसलं."

"ताई, तुमच्या घरधन्यांबद्दल..."

"त्यांचं नाव या घरात काढायचं नाही. काढलंत तर आत्ताच्या आत्ता बाहेर."

झोसिमसने तोंड मिटलं. दोन दिवस तो खाली मान घालून मसुराच्या कढणाशी भाकर खात राहिला. प्रत्येक वेळी अर्धी भाकर तो गुपचूप कमरेला बांधायचा. अम्मियाने ते पाहिलं आणि नाक मुरडलं. चोर तो चोर, वर खादाड.

शनिवारी सकाळी ती म्हणाली, "आज तिसरा दिवस."

"एकच दिवस द्या, ताई. उद्या पत्र वाचतो आणि निघतो."

"खोट्याला नेहमी एकच दिवस हवा असतो."

"मग पत्र तरी ठेवून घ्या."

"माणूस खोटा तर पत्र कुठलं खरं?"

मंडळीचे वडीलधारे त्रिफोन दारात उभे होते. ते खाकरले. "अम्मियाबाई, एका दिवसाने काय होतंय?"

"मग न्या की तुमच्या घरी."

त्रिफोन दारातून बाजूला सरकले. बाजूला सरकण्यात ते पहिल्यापासून हुशार.

निघणाऱ्याला वाटेपुरती भाकर द्यायची, हेही नियमातच होतं. तिने ती दिली. झोसिमसने ती कपाळाला लावली आणि हळूच म्हणाला, "येतो, वहिनी."

"कोणाची वहिनी?" ती फणकारली आणि दार लावून घेतलं. एक फुकट्या टळला म्हणून तो दिवस तिचा मोठ्या समाधानात गेला.

सोमवारी सकाळी हिएरापोलिसची लोकर विकणारी मेल्तिने आली. तिचे डोळे सुजले होते.

"अम्मिया, काल आमच्याकडे पत्र वाचलं. दियोगास गेला गं. हिवाळ्यातच."

"ही खबर आणली कोणी?" अम्मियाने विचारलं.

"पत्र आणणारा त्याच्याच साखळीला बांधलेला होता, दोन वर्षं. दियोगासवर दगड घसरला तेव्हा यानेच पाय मध्ये घातला. पुढे तापात तो गेला, तेव्हा डोळेही यानेच मिटले. दियोगासने तुझ्यासाठी काही सांगून ठेवलंय. ते लिहून नाही दिलेलं. हा तुला एकटीला तोंडी सांगणार, असं पत्रात होतं. आणि याला दियोगासचा भाऊ समजा, असंही."

अम्मिया अनवाणीच निघाली. नदी ओलांडून, चढ चढून दुपारी हिएरापोलिसला पोचली. ज्या घरी झोसिमस शनिवारी उतरला होता तिथली बाई उंबऱ्यात उभी होती.

"सकाळीच गेला," ती म्हणाली.

"कुठे?"

"विचारलं नाही. तुझ्याकडे परत जा म्हटलं, तर म्हणाला, तोंड उघडायचं नाही असं वहिनींनी बजावलंय."

"मग ठेवून का नाही घेतलंत? पत्र ऐकलं होतंत ना?"

"ऐकलं की. रडलोसुद्धा सगळ्या. पाय सुजला होता त्याचा, एकच दिवस मागत होता." बाईने थोड्या अभिमानानेच हनुवटी वर केली. "पण अम्मिया, आज तिसरा दिवस. तू सांगितलंस तशी मी अजिबात लाज धरली नाही."