माझा कान रेडीचा

बसा रे मित्रांनो, टेकून बसा. माझी गोष्ट सांगतो, लांबण नाही लावत. मी एक जुना मोबाईल आहे. काचेला चरे पडलेले, पाठ घासलेली. सात वर्षं झाली, आरोंद्याच्या नर्मदाकाकीच्या कमरेला खोचलेला असतो.

काकीला अक्षर येत नाही. तिचा अनिश मुंबईला गोदीत कामाला गेला, तेव्हा त्याने आपला फोटो माझ्या काचेवर लावला. खाली, उजव्या कोपऱ्यात. तिथे अंगठा ठेवला की पोरगा बोलतो. आता काकीची नजर अधू झालीय, पण अंगठा चुकत नाही.

मग माझी बॅटरी फुगली. झाकण उचकटलं. काकीने रबर लावून दामटलं. एक दिवस ती खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला वाकली आणि मी गपकन पाण्यात! खारं पाणी फटीतून थेट पोटात. काकीने मला उकड्या तांदळाच्या डब्यात पुरलं. चार दिवस! सुकलो कसला, कोंडाच भरला भोकाभोकांत.

शेजारचा शंकर म्हणाला, "काकी, टाक तो! नवो घे."

"आणि दर फोनाक तुका हाक मारू? ह्यो माझ्या बोटाक कळता."

उठली ती तडक बाजारात, फोन दुरुस्त करणाऱ्या दिव्याकडे. दिव्याने झाकण काढलं, तर आतून तांदूळ पडले.

"काकी, पेजेक घातलंस काय गो ह्येका?"

"हसतंस काय! जगतलो मां?"

"बॅटरी नवी गावतली. पण कानाकडचो स्पीकर खारान खाल्लो. तो कंपनी आता बनवणा नाय."

काकी दुकानातल्या बाकड्यावरून हललीच नाही. शेवटी दिव्याने सगळे खण उपसले. तळाला माझ्याच जातीचा एक मेलेला फोन निघाला. रेडी गावचा कुणी ट्रकवाला देऊन गेलेला. काच चक्काचूर, पण कान शाबूत. चार स्क्रू, एक चिमटा, आणि तो कान माझा झाला.

काकीने तिथेच अंगठा ठेवला. रिंग वाजतच राहिली. मग त्या नव्या कानातून पहिला आवाज आला.

"आये? चार दिस खंय होतंस गो?"

"तांदळात," काकी म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली.

मित्रांनो, त्या ट्रकवाल्याला हे ठाऊकही नाही. तुमच्या कपाटात माझा एखादा भाऊबंद मरून पडला असेल, तर त्याला उकिरड्यावर नका रे टाकू. दुरुस्तीवाल्याकडे नेऊन द्या. कुठली तरी आई बाकड्यावर बसून असेल.