सांध्यावरचे पितळी कुलूप

मी मातीतून बाहेर आले तो दिवस अगदी साधा होता. नेब्रास्कातला मका कापून झाला होता. जिथे एकेकाळी रूळ होते तिथे गवताचा लांबच लांब उंचवटा उरला होता आणि त्यावरून म्हातारा एमिल कुदर्ना जमिनीतला धातू शोधणारा आपला डिटेक्टर फिरवत होता. त्याची मुलगी लिबी थर्मास मांडीशी घेऊन बसली होती.

"ताता, पुन्हा खिळाच निघणार," ती बापाला म्हणाली. "घरात बादलीभर झालेत. दुकान काढताय का?"

"खिळा असा गात नाही. ऐक जरा."

त्याने खुरप्याने माती उकरली आणि मला ऊन दिसले.

मित्रांनो, मी एक जुने पितळी कुलूप आहे. दूर पूर्वेकडच्या ओतशाळेत माझा जन्म झाला. धान्याच्या कोठाराकडे जाणारा फाटा जिथे मुख्य मार्गातून फुटत होता, तिथल्या, गाडीचा रूळ बदलणाऱ्या सांध्याला मला साखळीने बांधले. सांधा चुकून उघडा राहिला, तर धावती गाडी फाट्यावर उभ्या असलेल्या डब्यांवर जाऊन आदळेल. म्हणून नियम होता, की कुलूप लावायचे आणि हाताने एकदा ओढून पाहायचे. तरुण एमिल मालगाडीवर कामाला होता. तो मला दोनदा ओढायचा.

"अरे, कुलूप आहे ते, गाईचं थान नाही!" सोबती हसायचे.

"एकदा नियमासाठी, एकदा माझ्या झोपेसाठी," तो म्हणायचा.

त्या दुसऱ्या ओढीने मला मान दिला. वादळात, बर्फात माझ्या भरवशावर गाड्या निर्धास्त गेल्या.

मग धान्य ट्रकने जाऊ लागले. रूळ उखडले, साखळी तुटली, मी खडीत पडले. चाव्या परत मागायलाही कोणी उरले नव्हते. माझ्यावर माती साचली, गवत उगवले. अंधाराचे मला दुःख नव्हते. कुणी ओढून पाहत नाही, एवढेच वाईट वाटे.

त्या दिवशी एमिलने अंगठ्याने माती पुसली आणि मला ओळखून तो खालीच बसला. तरी आधी त्याने खड्डा बुजवला, गवताची ढेप जागेवर ठेवून टाचेने दाबली. शोधणाऱ्याने जमीन उघडी टाकून जायचे नसते. नंतर त्याने खिशातून नोकरीच्या दिवसांतली, कधीच परत न दिलेली जुनी चावी काढली. ती माझ्यात शिरली, पण फिरली नाही.

"राहू दे. रात्रभर तेल पिऊ दे त्याला. उद्या उघडू."

संध्याकाळी त्याने लिबीला तिच्या घरी सोडले. मी त्याच्या कोटाच्या खिशात होते. तिने आतून कडी लावताच त्याने बाहेरून दार ओढून पाहिले. एकदा. मग आणखी एकदा.

"लागलंय हो, ताता!" ती आतून ओरडली. "चाळीस वर्षांची झाले मी! एक दिवस मूठ उपटून हातात येईल तुमच्या!"

"आली तर बसवून देईन," तो म्हणाला आणि हसत गाडीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी तो उठला नाही. झोपेतच त्याचे हृदय थांबले होते. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत, तेलाच्या बशीत वाट पाहत राहिले.

दफनानंतर लिबी आली. टेबलावर शेजाऱ्यांनी आणलेल्या, खसखस भरलेल्या गोड पावांची ताटे तशीच होती. तिने मला पुसले, चावी घातली. ती सहज फिरली. माझी कडी टकदिशी उघडली आणि लिबीच्या चेहऱ्यावर किंचित हसू आले.

आता मी त्याच्या छपरीच्या दाराला आहे. आत त्याचा डिटेक्टर आहे, खिळ्यांची बादली आहे. मला पुन्हा काम मिळाले, मी समाधानी आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंना घासून चकाकवू नका. थोडे तेल द्या, काम द्या आणि जाता जाता हात लावून पाहा. आपण अजून कुणाच्या तरी भरवशाचे आहोत, हे आम्हाला त्यानेच कळते.

पहिल्या दिवशी लिबीने मला लावले आणि एकदा ओढले. ती निघाली, चार पावले गेली आणि परत आली. तिने मला दुसऱ्यांदा ओढले. मग दारावर तळवा टेकवून ती मोठ्याने म्हणाली,

"ताता, तुम्ही दार दोनदा ओढायचात ना, तो दुसरा आवाज आला की मगच मला झोप लागायची."