आईच्या ताटातलं तिखट

माझ्या भावजयीवर माझा पहिल्यापासून विश्वास नव्हता, हे आधीच सांगून टाकते. इतकं गोड बोलणाऱ्या माणसाच्या मनात काहीतरी शिजत असतं, असा माझा अनुभव. मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. बावीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून माणसं बघत आलेय. जो हसून हसून 'हो मॅडम, कळलं मॅडम' करतो, तोच पुढच्या वळणावर गाडी फुटपाथवर चढवतो.

आईला पोटाचा अल्सर आहे. गेल्या वर्षी रक्ताची उलटी झाली, दहा दिवस हॉस्पिटलात काढले. डॉक्टरांनी बजावलं, "तिखट, आंबट कायमचं बंद. या वयात पुन्हा रक्त गेलं तर आमच्या हातात काही राहणार नाही." आई धाकट्या भावाकडे राहते, म्हणजे तिचं खाणंपिणं भावजयीच्या हातात. आणि भावजय काय करते? योगाच्या क्लासला जाते. अधूनमधून आईलाही नेते.

क्लासहून येऊन तिने फ्रिजवर एक तक्ता चिकटवला. तीन रकाने. सात्त्विक, म्हणजे ताजं, साधं, रसदार. त्याने मन शांत राहतं. राजसिक, म्हणजे तिखट, आंबट, खारट. त्याने माणूस पेटतो, स्वस्थ बसत नाही. तामसिक, म्हणजे शिळं, कोरडं, वास मारणारं. त्याने डोकं जड होतं. खाली लाल पेनने लिहिलेलं: अर्धं पोट अन्नाने भरा, पाव पाण्याने, पाव रिकामं ठेवा.

"रिकामं ठेवायला आईच्या पोटात उरलंय काय?" मी म्हटलं.

"बरं वाटेल त्यांना, ताई," भावजय हसून म्हणाली. बघा, पुन्हा हसली.

बरं कुठलं वाटतंय! दर रविवारी जाऊन बघावं तर आई जास्तच फिकट. जेवण झालं की पोटाशी हात धरून बसायची. उकडलेल्या भाज्या आणि मऊ भात खाऊन एवढं जळजळतं कसं? विचारलं की म्हणायची, "काही नाही गं, गॅस." माझ्या मनात पाल चुकचुकली. मी स्वयंपाकघर धुंडाळलं. कचऱ्याच्या डब्यात लसणाची सालं. कपाटात डाळींच्या डब्यांमागे व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या लाल मिरच्यांची बरणी. या घरात मिरची खातं कोण? भावाला मूळव्याध, तो मिरचीचं नाव काढलं तरी बसल्या जागी चुळबुळतो. भावजय तर साक्षात सात्त्विक. मी बरणीवर नेलपॉलिशने बारीक रेघ मारून ठेवली. पुढच्या रविवारी मिरच्या रेघेच्या दोन बोटं खाली गेलेल्या होत्या.

भावाला बाल्कनीत ओढून सांगितलं, "तुझी बायको आईला तिखट खायला घालतेय."

"ताई, काहीही काय!"

"हे घर आईच्या नावावर आहे, एवढं लक्षात ठेव."

"तू ना, झोपेतसुद्धा कुणावर तरी संशय घेत असशील," असं म्हणून तो आत गेला. मेलं बायकोच्या ताटाखालचं मांजर.

बुधवारी दुपारी एका शिकाऊ बाईंनी आयत्या वेळी येत नाही म्हणून कळवलं. मी गाडी सरळ भावाच्या घराकडे वळवली. माझ्याकडे किल्ली आहे, बेल वाजवलीच नाही. स्वयंपाकघराच्या दारात पोचले आणि बघते तर काय! आई टेबलाशी बसलेली, पुढ्यात कालचा भात, लालभडक. आणि तिच्या शेजारी भावजय उभी, हातात तीच बरणी.

माझं टाळकंच सरकलं. "सापडलीस!" मी ओरडले. "जीव घ्यायचाय का माझ्या आईचा? बाहेर शांतीचे तक्ते आणि आत हे धंदे?"

"ताई, ऐका तरी, मी आत्ताच..."

बरणी हिसकावून मी सिंकमध्ये आपटली. काचा जमिनीवर उडाल्या. भावजय भिंतीला टेकली आणि मी तिच्यावर हात उगारला. खोटं कशाला बोलू, बसणारच होता.

"हात खाली घे," आई म्हणाली.

आईचा असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. मी हात खाली घेतला.

"तिला यातलं काही माहीत नाही. ती आज लवकर घरी आली, मला खाताना बघितलं आणि बरणी काढून घेतली. मिरच्या मी आणल्या. खातेही मीच."

"वेड लागलंय का तुला? डॉक्टर काय म्हणाले, आठवत नाही?"

"आठवतं की." आई ताटाकडे बघत राहिली. "क्लासमध्ये बाईंनी समजावलं. आपण खातो त्यातल्या जाड भागाचं शरीर होतं, बारीक भागाचं मन होतं. तिखट, आंबट, शिळं खाऊन माणसाला राग चढतो. सगळ्याजणी माना डोलावत होत्या. मला मात्र आपलं घर आठवलं. अगं, तुझ्या बाबांना पंचेचाळीस वर्षं मी तेच वाढलं. तिखट कमी पडलं की ताट भिंतीवर जायचं, म्हणून चमचाभर जास्तच घालायचे. शिळं आवडायचं, तर मुद्दाम राखून ठेवायचे. मला वाटलं, म्हणजे तो राग मीच..."

बाबांना जाऊन चार वर्षं झाली. आईला डाव्या कानाने ऐकू येत नाही, ते त्यांच्या हातामुळे. आमच्या घरात हा विषय कुणी काढत नाही.

"म्हणून ठरवलं, त्यांचं ताट आपण जेवून बघायचं," आई म्हणाली. "सात आठवडे झाले. दुपारी कुणी नसताना. ते खायचे तसंच, तेवढंच. म्हटलं, बघू मलाही तसं होतं का. पोट जळलं. झोप उडाली. परवापासून शौचाला काळं होतंय. पण कुणाला मारावंसं नाही वाटलं गं. एकदाही नाही."

भावजय रडायला लागली. "आई, अहो, क्लासच्या बाई तसं नव्हत्या म्हणाल्या. अन्नाने मन हलतं, पण त्याला आवरायचं काम ज्याचं त्याचं, म्हणून तर योग करायचा. मला विचारायचंत ना."

"काय विचारू? चारचौघींत सांगू, की नवरा मारायचा?"

मी काचांमध्येच खाली बसले. "आई, तुझ्या जेवणाने काही झालेलं नाही. तेच जेवण मी जेवले. धाकटाही जेवला, त्याचा कधी आवाज चढला नाही. आणि बाबा तरी? रोज तुझाच डबा खायचे ना ऑफिसात? साहेबावर कधी हात उगारला? तिथे बरे गप्प बसायचे. तुला मारायचे, कारण त्यांना मारायचं असायचं."

आईने ऐकू येणारा कान माझ्याकडे केला होता. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"कधीपासून म्हणजे? लहानपणापासून."

"मग मला कधी म्हणाली का नाहीस?"

अख्ख्या जगाला तोंडावर सुनावणारी मी. मी खाली बघून काचा गोळा करायला लागले. भावजयीने डोळे पुसले, काचा चुकवत जाऊन आईच्या चपला आणल्या आणि खाली बसून तिच्या पायांत घातल्या.

"ताई, गाडी काढा," ती म्हणाली. "आतून रक्त जातंय त्यांचं. आधी हॉस्पिटल."

हॉस्पिटलपर्यंतच्या रस्त्याभर आई माझ्या शेजारच्या सीटवर बसून होती. तिने पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.