एकीलाच हातमोजे

मॅनेजमेंट कॉलेजच्या मेसमध्ये भांडी घासायला आम्ही दोघी जावा. ती थोरली, मी धाकटी. तिनेच मला तिथं चिकटवलं होतं. हे आधीच सांगते, पुढे कोणी मला गरीब गाय समजायला नको.

एक दिवस तीन विद्यार्थी मोरीत अवतरले. त्यांना पृथ्वी वाचवायची होती, तीही स्पर्धेच्या तारखेच्या आत. मेसच्या जळक्या तेलाचा त्यांनी साबण केला. ताटांचं ओशट झकास निघायचं, सोबत आमची कातडीही. मग त्यांच्यातल्या चष्मेवालीला टायरच्या जुन्या ट्यूबचे हातमोजे शिवायचं सुचलं. कचरा कमी आणि बायकांचं भलं, एका दगडात दोन पक्षी.

"पण हातमोजे एकीलाच," ती म्हणाली. "सहा आठवड्यांनी दोघींचे हात बघू. नाहीतर फरक पडला हे सिद्ध कसं होणार?"

"दोघींना दे की. आम्ही सांगू ना फरक पडला म्हणून," थोरली हसली.

"तुमचं सांगणं म्हणजे पुरावा नाही, मावशी."

चिठ्ठ्या टाकल्या. हातमोजे मला आले.

तिसऱ्या आठवड्यात थोरलीच्या बोटांच्या बेचक्यात भेगा पडल्या, चौथ्यात पू झाला. मेसचा ठेकेदार दिसला की ती हात पाठीमागे लपवायची.

"दुपारपुरते दे गं," एकदा ती म्हणाली. "संध्याकाळी घाल तू."

चष्मेवाली रोज दोघींच्या हातांचे फोटो काढायची. प्रयोग जमला तर मला कायम करायला लावू, असं तिनं कबूल केलं होतं. माझ्या हातावर एक लाल डाग दिसला की सगळं मुसळ केरात.

"नियम आहे, जाऊबाई," मी म्हणाले. नियम! लाज कशी वाटली नाही मला? तिनं पाण्यात हात घातला आणि दातांतून श्वास ओढला. तो ऐकू येऊ नये म्हणून मी नळ मोठा सोडला.

पाचव्या आठवड्यात ठेकेदारानं ते हात पाहिले आणि तिला उभ्या उभ्या काढून टाकलं. मी चष्मेवालीकडे धावले. "तुमच्या साबणानं झालंय. ठेकेदाराला सांगा ना!"

तिचे डोळे चमकले. "म्हणजे हातमोजे नसले तर नोकरीच जाते? हे आम्ही मोजायचं ठरवलंच नव्हतं!" तिनं लगेच लिहून घेतलं. ठेकेदाराकडे काही गेली नाही.

पहिलं बक्षीस त्यांनाच मिळालं. मलाही स्टेजवर नेलं. मागच्या पडद्यावर दोघींचे हात होते.

"दुसऱ्या बाई कुठे आहेत?" एका परीक्षकानं विचारलं.

"त्यांची नोकरी गेली, सर. पण प्रयोग संपेपर्यंत आम्ही अजिबात मदत केली नाही," चष्मेवाली अभिमानानं म्हणाली. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मग माईक माझ्यापुढे आला. हातमोज्यांनी तुम्हाला काय दिलं, मावशी?

"नोकरी," मी म्हणाले. पुन्हा टाळ्या.

घरी थोरलीला मीच भरवत होते. दोन्ही हातांना पट्ट्या होत्या.

"माझे हात दाखवले?" तिनं विचारलं.

"हो. भिंतीएवढे."

ती बराच वेळ चावत राहिली. "मग कोणी विचारलं का गं, दुखतात का म्हणून?"

"विचारलं ना, सगळ्यांनी विचारलं," मी म्हणाले आणि पुढचा घास तिच्या तोंडात कोंबला.