नाव मी लिहून ठेवते

सिस्टरने एकशे एकतिसावा ट्रॅक थांबवला आणि शेजारच्या खुर्चीत बसलेल्या, गेलेल्या पेशंटच्या लेकीकडे पाहिलं.

"नाही," लेक म्हणाली. "आई एवढं हळू बोलायचीच नाही."

शेवटी सगळेच हळू बोलतात, हे सिस्टरच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

बरं न होणारी माणसं या रुग्णालयात शेवटचे दिवस काढायला यायची. गेली नऊ वर्षं त्यांचे निरोप सिस्टरच ध्वनिमुद्रित करत होती. सुरुवातीलाच ती सांगायची, "नावगाव काही नको हं, कचेरीत अर्ज दिल्यासारखं वाटतं. थेट आपल्या माणसाशी बोला. नाव मी लिहून ठेवते." आणि लिहायचीही. प्रत्येक फाइलच्या माहितीत नाव, तारीख, निरोप कोणासाठी.

मागच्या महिन्यात नवा संगणक आला. जुन्या फाइली त्यावर वाजेनात, म्हणून तिने दोनशे चाळीस निरोप एकदमच नव्या प्रकारात बदलायला लावले आणि जेवायला गेली. 'माहितीही सोबत घ्या' या ओळीपुढच्या चौकोनात खूण करायची राहून गेली. आवाज सगळे सुखरूप आले. नाव एकाचंही आलं नाही. हे लक्षात येईपर्यंत जुना संगणक भंगारात गेला होता.

लेक दोन वर्षं आईशी बोलली नव्हती. आई गेल्याचं तिला पंधरा दिवसांनी कळलं. आता उरला होता तो या यादीतला एक आकडा.

सिस्टरने पुढचा ट्रॅक लावला.

"सुरू झालं का हे? की मी भिंतीशीच बोलतेय?" घोगरा आवाज, मग खोकला. "हां. तिला एवढंच सांगा, माझ्या मागे त्या घरात पाऊल टाकू नकोस म्हणावं. आपलं म्हणावं असं तिच्यात काही उरलं नाही."

लेकीने टेबलाची कड घट्ट धरली.

"हीच."

"नाही हो ताई," सिस्टर घाईने म्हणाली. "या कोपऱ्यातल्या खोलीतल्या बाई. सुनेबद्दल बोलत होत्या. तुमच्या आईंनी फार मायेनं निरोप दिलाय. मी समोर बसले होते."

"काय म्हणाली?"

सिस्टरने डोळे मिटले. चादरीवरून फिरणारा एक हात दिसला, नखं नीट कापलेली. शब्द काही येईनात.

"नेमकं नाही सांगता यायचं."

लेक हसली. "परवा फोनवर म्हणालात, मशीन बिघडलं. काल म्हणालात, खूण करायची राहिली. आज म्हणताय, मायेनं बोलली. सिस्टर, तुमचा आवाजच असा आहे, खोटंसुद्धा औषधासारखं गळ्याखाली उतरतं."

"मशीनचं खोटं बोलले मी. घाबरले होते." सिस्टरचा आवाज आणखीच खाली गेला. "हे खोटं नाही. अजून एकशे आठ राहिलेत, ताई. ऐकूया ना."

"कशाला? ती काय म्हणेल ते मला घरूनच माहीत होतं. खात्री करायला आले होते, झाली." लेकीने पर्समधून पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. "यात घाला. आणि नाव लिहा वर, नाहीतर परत हरवायची."

सिस्टर हात मांडीवर ठेवून बसून राहिली. बाहेर कोणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं; त्याचं एक चाक कुरकुरत होतं.

"तुम्ही लिहिताय, की मी लिहू?"

सिस्टरने कीबोर्ड पुढे ओढला. एकशे बत्तीसच्या माहितीत तिने आईचं पूर्ण नाव लिहिलं, मग तारीख. ती तिला न विचारता आठवली. शेवटच्या रकान्यात, निरोप कोणासाठी, तिथे लिहिलं : लेकीसाठी.

पहिल्यांदा लिहिलं होतं, अगदी तसंच.