पाठीवरची तार आणि शिवलेली खिडकी

मी एक जुनी समुद्रकासवीण आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. तुम्हांला वाटतं, भीती वाटली की कासव डोकं आत घेतं आणि सुटतं. ते तुमच्या विहिरीतलं कासव! आम्हां समुद्रातल्यांना डोकं आत घेताच येत नाही. भीती आली की उघड्या डोळ्यांनी बघायची, दुसरा इलाज नाही. जीव मुठीत धरावा म्हटलं तर मूठही नाही, नुसते वल्ह्यासारखे हातपाय.

माझा जन्म मालगुंडच्या वाळूतला. अंड्यातून बाहेर आले तर डोक्यावर घारी, आजूबाजूला कुर्ल्या आणि समोर गर्जणारी लाट. आईचं तोंड काही बघितलं नाही. बरोबरची भावंडं डोळ्यांदेखत उचलली गेली आणि मी जी धावत सुटले, ती अजून धावतेच आहे म्हणा ना. भित्यापाठी ब्रह्मराक्षस अशी म्हण आहे तुमच्यात. माझ्यापाठी तर घारी, मोठे मासे, प्लास्टिकच्या पिशव्या आणि ट्रॉलर असे सगळेच लागले.

मोठी झाल्यावर अंडी घालायला मी त्याच किनाऱ्यावर आले. अंडी घालून, वाळू लोटून परत निघाले, तर उजाडायला लागलेलं आणि किनाऱ्यावर माणसंच माणसं! चौघांनी मला धरून लाकडी चौकटीत ठेवलं. पाचावर धारण बसली हो माझी. आता मला खाणार, हेच मनात.

पण ती खाणारी माणसं नव्हती, अभ्यास करणारी होती. रत्नागिरीच्या एका कॉलेजातून आलेली. एकजण वाळूत तापमापक खुपसून बसला होता, कारण वाळू फार तापली तर आमच्या अंड्यांतून निघतात त्या बहुतेक मुलीच. अर्थशास्त्राचा एक विद्यार्थी तिथल्याच चहाच्या टपरीवर कमळाबाईंना विचारत होता, की कासवं बघायला आलेले पाहुणे भजी किती खातात.

"अरे बाबा," कमळाबाई म्हणाल्या, "अंडी ती घालते, भजी मी तळते आणि पास तू होणार! लिही, लिही."

मृणाली नावाची मुलगी मात्र माझ्याच मागे लागली होती. समुद्री जीवांचा अभ्यास तिचा. तिने माझ्या पाठीवर एक छोटी डबी चिकटवली. डबीवर बारीक तार उभी. मी कुठे कुठे जाते ते म्हणे ही डबी आकाशातल्या उपग्रहाला सांगणार होती. गोंद सुकेपर्यंत मृणाली माझ्याशेजारी बसली आणि तिच्याबरोबर तिची मैत्रीण दीपाली. दीपाली माणसांचा अभ्यास करायची, मच्छीमारांच्या घरी जाऊन त्यांना बोलतं करायची.

"उद्या मी मिरकरवाड्याला चाललेय, बंदरावर," दीपाली म्हणाली. "या डबीबद्दल सांगू का तिथे?"

"नको गं," मृणाली म्हणाली. "तुझा विषय माणसं, माझा कासव. उगाच सरमिसळ नको. मी नंतर सांगेन कधीतरी."

ते 'कधीतरी' माझ्या जिवावर बेतणार होतं, हे तेव्हा तिलाही माहीत नव्हतं नि मलाही. मला सोडलं आणि मी पाण्याकडे अशी पळाले की काय सांगू.

पुढे काही आठवड्यांनी घडलं ते सांगते.

किनारा नजरेत होता. मी कोळंबीच्या मागे तळाशी उतरले होते आणि एकाएकी चारी बाजूंनी जाळं. ट्रॉलरचं जाळं म्हणजे एक लांबच लांब पिशवी, बोट ती ओढत नेते आणि जे येईल ते तिच्या टोकाला जाऊन कोंबलं जातं. मासळी, कोळंबी, शंख, मी, सगळं एकावर एक. तुम्हांला माहीत आहे का, आम्ही पाण्यात राहतो पण श्वास हवेतच घेतो? वर जायला मिळालं नाही तर आम्हीसुद्धा बुडून मरतो.

तरी मी धीर धरला. अशा जाळ्यात एक खिडकी असते, ते मला ठाऊक होतं. कासवाला निसटता यावं म्हणून अभियांत्रिकीच्या कुणा सरांनी ती शोधून काढलेली आणि मागे एकदा मी तशी निसटलेही होते. डोक्याने चाचपत चाचपत मी पुढे सरकले. सापडली! लोखंडी चौकट सापडली. धक्का दिला. उघडेना. पुन्हा दिला. ती खिडकी नायलॉनच्या दोऱ्याने घट्ट शिवून टाकलेली होती.

मित्रांनो, त्या क्षणी मला जी भीती वाटली तिला माझ्याकडे शब्द नाही. छाती फुटायला आली. वर उजेड दिसत होता, तिथपर्यंत जाता येत नव्हतं. मग हातपाय हलेनासे झाले.

जाग आली तेव्हा मी बोटीवर होते. डोळे उघडत नव्हते, अंग दगडासारखं पडलेलं, पण ऐकू येत होतं.

"केरू, कासव मेला रे," एक म्हातारा आवाज म्हणाला. तो धाकूतात्या, बोटीवरचा जुना खलाशी. केरू म्हणजे बोटीचा तांडेल, बोट चालवणारा.

"अरेरे! देव तो, तात्या. देवळात गाभाऱ्यासमोर त्याच्या पाया पडतो आपण आणि..." केरूचा आवाज जवळ आला. "तात्या, पाठीवर बघ."

"तार? मेल्या, देवाच्या पाठीवर तार कधी बघितलीस काय? पोलिसांनी बैठकीत काय सांगितलानी? दर्यात अनोळखी वस्तू दिसली तर हात लावू नका. बॉम्ब असला तर? टाक! आधी टाक पाण्यात!"

टाकू नका हो! मी ओरडत होते, पण आतल्या आत. माझ्यात पोहायची ताकद नव्हती. पाण्यात पडले असते तर दगडासारखी तळाला गेले असते आणि संपलं.

केरूने मला उचलायला कवचाखाली हात घातले. हात थरथरत होते, ते माझ्या कवचाला कळत होतं. माणूससुद्धा असा कापतो, हे मला जन्मात पहिल्यांदा समजलं. मग त्याने हात काढून घेतले आणि मोबाइलची बटणं वाजली.

"कुणाला करतोस? पोलिसांना?"

"नाय. त्या दीपालीबायला. घरी आली होती ना, भाकरी नि माशाचं आंबट खाऊन गेली, ती." पलीकडून आवाज आला, तसा केरू भडभडा बोलायला लागला. "बाय, मी केरू, मिरकरवाड्याचा. तू विचारलं होतंस ना, काका, दर्यावर तुम्हांला भीती कशाची वाटते? मी हसलो होतो. बायकोसमोर काय सांगणार! आता सांगतो. आता वाटते, बाय. हातपाय लटपटतात माझे. जाळ्यात कासव आलाय मेलेला. पाठीवर डबी हाय, वर तार. फुटेल काय गो ती?"

पलीकडे कुणीतरी फोन ओढून घेतला. मग दुसराच आवाज, मृणालीचा. रडवेला.

"काका, टाकू नका तिला! डबी मी चिकटवलीय, ती फुटत नाही. कासवीण मेली नसेल, काका, नुसती बेशुद्ध असेल. पोटावर ठेवा. शेपटीकडची बाजू टायरवर उचलून धरा, आतलं पाणी निघेल. वर ओलं पोतं टाका. पण पाण्यात नका टाकू!"

"केरू, लांब हो!" धाकूतात्या ओरडले. पण केरू लांब झाला नाही. त्याने ती तार सांभाळत मला उचललं, खाली टायर सरकवला. माझ्या तोंडातून पाणी ठिबकायला लागलं. तो जवळच बसून राहिला.

फोनवरून दीपालीने हळूच विचारलं, "काका, तुमच्या जाळ्याला खिडकी होती ना?"

केरूने माझ्यावर ओलं पोतं टाकलं.

"होती. शिवून टाकली," तो म्हणाला. "चांगली मासळी निसटते त्यातून, बाय. तू घरी विचारलंस तेव्हा उघडी आहे म्हटलं, खोटं बोललो. मासळी निसटते, हे कुणाला सांगू? ज्यांनी खिडकी दिलीनी ते परत विचारायला आलेच नाहीत."

"आम्ही तरी कुठे आलो, काका," मृणाली म्हणाली. "डबी चिकटवली, पण बंदरावर सांगितलं नाही. दीपाली सांगणार होती, मीच नको म्हटलं."

उन्हं कलली तेव्हा माझ्या छातीत एकदम कळ आली आणि हवा आत शिरली. मी फुसकारले. धाकूतात्या घाबरून मागे सरकले आणि मग लांबूनच हात जोडून म्हणाले, "क्षमा कर गो, बाय!" बोट थांबवून दोघांनी मला अलगद पाण्यात सोडलं. तिथेच केरूने सुरी काढली आणि खिडकीचे टाके कापायला घेतले.

"मासळी जाईल ना रे!" धाकूतात्या कुरकुरले.

"थोडी जाईल. त्या खिडकीवाल्या सरांना बंदरावर बोलवायला सांगितलंय दीपालीबायला. मासळी कुठून निसटते, ते मीच दाखवतो. शिकलेले हायत ना, करतील काहीतरी."

मी मात्र पुढचं ऐकायला थांबले नाही. खोल, खोल निघून गेले.

केरूने खिडकी परत शिवली असेल का? सर आले असतील का? मला ठाऊक नाही, मित्रांनो. बोटीचं इंजिन ऐकू आलं की अजूनही माझं काळीज लकलकतं. म्हणून जाता जाता हात जोडते, जोडता येत नाहीत तरी. उद्या तुम्हीही शिकाल. कुणी वाळू मोजाल, कुणी जाळं बनवाल, कुणी भज्यांचा हिशेब कराल, खुशाल करा. पण एकमेकांच्या दारात जा आणि बंदरावरही जा. मी कुठे आहे, ते माझ्या पाठीवरची डबी तुम्हांला रोज सांगते. मी किती घाबरले आहे, ते नाही सांगत. आणि केरूच्या पाठीवर तर डबीही नाही. त्याला विचारावंच लागेल.